महाद्वारी विसावलेले चोखोबाराय

पंढरीस गेल्यावर महाद्वारापाशी आपण दोन ठिकाणी माथा टेकतो. एक श्रीनामदेवरायांची पायरी आणि दुसरी तिच्यासमोरील चोखोबारायांची समाधी. गर्दीच्या रेट्यात क्षणभर हात लावायचा आणि पुढे सरकायचे, एवढेच बहुतेकांना साधते. पण तिथे कोण विसावले आहे, आणि दाराबाहेर का, याचा विचार वारकऱ्याने एकदा तरी शांतपणे करावा.

चोखोबांचा संसार मंगळवेढ्यास होता. हे गाव पंढरपूरपासून सुमारे २५ किलोमीटरवर. जात महाराची, म्हणून घर गावकुसाबाहेर. मेलेली गुरे ओढायची, गावची वेठ करायची, वरच्यांना वाकून जोहार घालायचा आणि पदरात पडेल ते शिळेपाके खायचे, असा जन्म. पण घर मात्र विठ्ठलाच्या नामाने भरलेले. पत्नी सोयराबाई, मुलगा कर्ममेळा, बहीण निर्मळा, मेहुणे बंका आणि स्वतः चोखोबा, या पाचही जणांच्या नावे अभंग आहेत. गुरू लाभले ते साक्षात नामदेवराय.

पंढरीची ओढ विलक्षण, पण दर्शन महाद्वाराबाहेरून. आत पाऊल टाकण्याची बंदी. आता विचार करा, मंडळी. ज्या देवासाठी पायपीट करून यावं, त्याच्याच दारात माणसांनी म्हणावं की बाजूला हो, तुझी सावलीसुद्धा नको. आणि हे एक-दोनदा नव्हे, जन्मभर. असे जन्मभर ऐकले की माणसाला आपण खरोखरच हलके आहोत असे वाटू लागते. मार अंगावर बसतो, तो चार दिवसांत उतरतो. हा घाव मनात बसतो, तो उतरत नाही.

चोखोबांना ही कळ लागली नव्हती असे कुणी समजू नये. आपल्या हीन मानल्या गेलेल्या जन्माचे दुःख त्यांनी अभंगांतून उघड सांगितले आहे. कधी त्याचा दोष त्यांनी पूर्वजन्मीच्या कर्माला दिला, कधी देवालाच जाब विचारला. पण लोक म्हणतात तेवढीच आपली किंमत, हे मात्र त्यांनी मान्य केले नाही. उसाचा त्यांचा दाखला लहान पोरांनाही पाठ आहे. वरच्या रंगावरून आतले कळत नाही, हे त्यांनी आपल्याच जिण्यावरून सांगितले.

त्यांच्या जोहाराच्या अभंगांत तर एक मोठी गंमत आहे. जो जोहार गावच्या वरिष्ठांना घालायचा, तोच त्यांनी पांडुरंगाला घातला. आपण विठोबाच्या घरचे चाकर, हिशेब द्यायचा तो त्यालाच, असा त्यांचा भाव. चाकरी तीच, शब्द तोच, फक्त धनी बदलला. आणि धनी बदलल्याबरोबर चाकराची मान ताठ झाली.

परंपरेत त्यांच्या कथा आहेत. एकदा पांडुरंग चोखोबांच्या पंगतीला बसले असता सोयराबाईच्या हातून दही सांडले. देवाचा पितांबर भिजला म्हणून चोखोबा तिला बोलले. ते ऐकून संतापलेल्या पुजाऱ्याने चोखोबांच्या तोंडात मारली. तो राउळात जाऊन पाहतो, तर देवाचाच गाल सुजलेला आणि पितांबरावर दही! दुसरी कथा सोयराबाईच्या बाळंतपणाची. घरात बाईमाणूस नाही, चोखोबा बहिणीला आणायला गेलेले, तेव्हा निर्मळेच्या रूपाने देवच आला आणि सारे केले. ज्याच्या दारात चोखोबांना मज्जाव, तो त्यांच्या झोपडीत सुईण होऊन राबला. राउळातून घालवून दिल्यावर चोखोबांनी चंद्रभागेच्या पैलतीरी राहून दीपमाळ उभारली, असेही सांगतात. आत जाता येत नाही म्हणून देवासाठी दिवा लावायचा तर कुणी थांबवले नाही ना!

पण एक गोष्ट इथे नीट ध्यानात घ्यावी. देवापाशी आपली किंमत आहे एवढ्यावर समाधान मानून या घराने अन्याय गोड करून घेतला नाही. सोयराबाईंनी सोवळ्या-ओवळ्याच्या कल्पनेचा मुळापासून झाडा घेतला. कर्ममेळ्याने तर बापापेक्षाही कडक शब्दांत देवाला विचारले की असा जन्म देऊन तू काय साधलेस? लोकांकडे मान मागणे वेगळे आणि न्याय मागणे वेगळे. पहिल्याची गरज या घराला उरली नव्हती. दुसरे मात्र त्यांनी सोडले नाही.

शेवटही वेठीतच झाला. इ. स. १३३८ मध्ये, म्हणजे शके १२६० त, मंगळवेढ्याच्या गावकुसाचे बांधकाम चालू असता ते कोसळले आणि चोखोबा इतर मजुरांबरोबर त्याखाली गाडले गेले. ज्या कुसाच्या आत त्यांना घर बांधू दिले नाही, ते बांधतानाच प्राण गेला. नामदेवराय तिथे गेले. ढिगाऱ्यातील अस्थी कानाशी धरून, ज्यांतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या चोखोबांच्या म्हणून त्यांनी ओळखल्या, अशी परंपरा आहे. त्या त्यांनी पंढरीस आणल्या आणि महाद्वारी समाधी दिली.

पुढे सहाशे वर्षे समाधी महाद्वारात आणि त्यांचे जातभाई दाराबाहेर, असेच चालले. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले, तेव्हा दार उघडले. इतकी वर्षे जे दार अडवून उभे होते, तेही गळ्यात तुळशीची माळ घालीतच होते, हे आपण विसरू नये.

आता आपलं पाहा. दिंडीत कुणाचा मान पुढे, वीणा कुणाच्या गळ्यात, कीर्तनात कुणाचं नाव घेतलं आणि कुणाचं राहिलं, एवढ्यावरून आपण रुसून बसतो. चार माणसांनी बरं म्हटलं की फुगतो, नाही म्हटलं की दोन दिवस जेवण गोड लागत नाही. चोखोबांना कुणी बरे म्हणायला आले नाही. तरी नाम सुटले नाही आणि मनही कडू झाले नाही.

पुढच्या वारीत महाद्वाराशी पोहोचाल तेव्हा गर्दी असेलच. तरी एक श्वासभर थांबा. आपल्याला कुणी हलके म्हटले असेल तर ते ओझे तिथे ठेवा. आणि आपणच कुणाला हलके लेखले असेल, तर आत जाण्याआधी त्याचीही क्षमा चोखोबारायांपाशी मागा.

रामकृष्णहरी.