वकील, न्यायाधीश आणि फ्युएल सेलचा जनक: विल्यम ग्रोव्ह

मे महिन्यात वारणानगरला घरी गेलो, तर गच्चीवर आईचे पापड वाळत होते. ओला पापड उचलला की लोंबतो, कडकडीत वाळला की मोडतो. हायड्रोजनवर चालणाऱ्या गाडीचा जीवही अशाच एका पातळ पडद्यात असतो. 2020 मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत ज्या फ्युएल सेल कारची चाचणी झाली, तिचा सेल 65 ते 75 अंश सेल्सिअसला चालतो. त्याहून जास्त का नाही? हे शोधता शोधता मी विल्यम रॉबर्ट ग्रोव्ह यांच्यापर्यंत पोचलो.

ग्रोव्ह यांचा जन्म 11 जुलै 1811 रोजी वेल्समधल्या स्वान्सी इथे झाला. ऑक्सफर्डला शिकून 1835 मध्ये ते वकील झाले. पण तब्येत साथ देईना, म्हणून विज्ञानाकडे वळले. 1839 मध्ये त्यांनी जस्त आणि प्लॅटिनमची दमदार बॅटरी बनवली. पुढे अमेरिकेत तारयंत्रांसाठी ती खूप वापरली गेली.

पाण्यात वीज सोडली की हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटतात, हे तेव्हा माहीत होतं. ग्रोव्ह यांनी उलटा विचार केला: हे दोन वायू पुन्हा जोडले तर वीज परत मिळेल का? मिळाली! साधारण त्याच काळात शोनबाइन या शास्त्रज्ञालाही हा परिणाम दिसला होता. पण 1842 मध्ये अशा अनेक नळ्या जोडून 'गॅस बॅटरी' उभी केली ती ग्रोव्ह यांनी.

अडचण एकच होती. वायू, आम्ल आणि प्लॅटिनम जिथे एकत्र भेटतात तिथेच क्रिया होते, आणि ती जागा फारच लहान. त्यामुळे वीज अगदी थोडी. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रोटोटाइप चालला, प्रॉडक्ट झालं नाही.

1846 मध्ये त्यांनी दाखवलं की तापलेलं प्लॅटिनम वाफेचं पुन्हा दोन वायूंत विघटन करतं. पण वाढत्या कुटुंबाचा खर्च होता, त्यामुळे ते वकिलीकडे परतले. 1871 मध्ये न्यायाधीश झाले. 1 ऑगस्ट 1896 रोजी लंडनमध्ये त्यांचं निधन झालं. गॅस बॅटरी तशीच पडून राहिली.

1955 मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या थॉमस ग्रब यांनी द्रव आम्लाऐवजी प्लॅस्टिकचा पडदा वापरला. 1965 मध्ये असे सेल जेमिनी 5 यानातून अवकाशात गेले. त्यानंतर नॅफिऑन हा जास्त टिकाऊ पडदा आला.

आता येतो पापड. या पडद्यातून प्रोटॉन जायला पाणी लागतं. पण पाणी आणि उष्णता दोन्ही त्याला मऊ करतात. 23 अंशांना, 50 टक्के आर्द्रतेत नॅफिऑनचा ताठपणा सुमारे 249 मेगापास्कल असतो. पाण्यात भिजवला की 114, आणि 100 अंशांच्या पाण्यात फक्त 64. शिवाय तो लांबी-रुंदीला 15 टक्क्यांपर्यंत फुगतो. सेलमध्ये मात्र तो घट्ट आवळलेला असतो, फुगायला जागाच नसते. गाडी चालू-बंद होताना तो पुन्हा पुन्हा फुगतो, आकसतो, आणि त्या ताणाने शेवटी बारीक भोक पडतं. मग दोन्ही वायू थेट भिडतात आणि सेल संपतो. तापमान फार वाढवलं तर पडदा सुकतो आणि वीजही घटते. म्हणून ती 65 ते 75 अंशांची मर्यादा.

ग्रोव्ह यांनी हा पडदा कधी पाहिला नाही. त्यांचं कोडं होतं जागेचं, आपलं आहे तापमानाचं. पण रस्त्यावर हायड्रोजनची बस दिसली तर लक्षात ठेवा: तिची सुरुवात एका आजारी वकिलाच्या उलट्या प्रश्नातून झाली.