जॉर्ज बूल: डेटा लॉगरला ‘आणि’, ‘किंवा’ शिकवणारा माणूस

महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. वाशीम जिल्ह्यातल्या सोयाबीन उत्पादकासाठी हा आकडा म्हणजे थेट मदतीचा प्रश्न. स्वयंचलित हवामान केंद्रातला डेटा लॉगर पावसाची नोंद ठेवतो. पण त्यावरून हो की नाही, हे मशीन ठरवतं कसं? त्यामागचं गणित मांडलं जॉर्ज बूल यांनी.

बूल यांचा जन्म 1815 मध्ये इंग्लंडमधल्या लिंकन गावी झाला. वडील बूट शिवायचे. घरची परिस्थिती बेताची, म्हणून 16व्या वर्षीच मास्तरकी धरली आणि 19व्या वर्षी स्वतःची शाळा काढली. कॉलेजची पदवी नव्हती, वरचं गणित ते पुस्तकं वाचून शिकले. तरीही 1849 मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्कच्या क्वीन्स कॉलेजात ते गणिताचे प्राध्यापक झाले.

1854 च्या पुस्तकात त्यांनी तर्कालाच बीजगणितात बसवलं. खरं म्हणजे 1, खोटं म्हणजे 0, आणि त्यांना जोडणारे शब्द तीन: आणि, किंवा, नाही. 1937 मध्ये क्लॉड शॅनन यांनी हेच गणित विजेच्या स्विचना लागू केलं. आज तुमचा मोबाइलही त्यावरच चालतो.

आता एक उदाहरण बघू. मालेगाव तालुका वाशीम जिल्ह्यात आहे, तसाच नाशिकमध्येही. म्हणून प्रोग्राममध्ये अट अशी हवी: तालुका मालेगाव ‘आणि’ जिल्हा वाशीम ‘आणि’ पाऊस 65 पेक्षा जास्त. पहिल्या ‘आणि’च्या जागी ‘किंवा’ टाकलं, तर नाशिकच्या मालेगावचा पाऊसही आपल्या यादीत येईल!

दुसरी गंमत स्ट्रिंगची, म्हणजे अक्षरांच्या ओळीची. आपण ‘वाशीम’ आणि ‘वाशिम’ एकच समजतो. मशीन मात्र एकेक अक्षर जुळवतं. वेलांटी बदलली की उत्तर 0, म्हणजे खोटं. मग पाऊस कितीही पडो, पूर्ण अट खोटीच ठरते. त्यामुळे नावं आधी एकसारखी करून घ्यायची.

बूल यांचा शेवटही पावसानेच झाला. 1864 च्या नोव्हेंबरमध्ये ते भर पावसात चालत कॉलेजात गेले, ओल्या कपड्यांतच शिकवलं, न्यूमोनिया झाला आणि 8 डिसेंबरला ते वारले. वय फक्त 49.

पुढच्या वेळी कोडमध्ये अट लिहाल, तेव्हा ती आधी मराठीत मोठ्याने वाचून बघा. ‘आणि’ हवं की ‘किंवा’, ते लगेच कळेल.