रुप्याच्या आगगाडीचे महाराज

ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांचा जन्म १८७६ सालचा. पिता जयाजीराव १८८६ मध्ये निवर्तले, तेव्हा गादीवर आलेले माधवराव अवघे नऊ वर्षांचे होते.

यंत्रांचे, त्यातही आगगाडीचे, त्यांना विलक्षण वेड. जयविलास राजवाड्यातील भोजनगृहाच्या लांबलचक मेजावर रूळ घालून त्यांनी रुप्याची छोटी आगगाडी फिरविली. मद्याच्या काचेच्या सुरया आणि चिरूट घेऊन ती पाहुण्यांपुढून जाई. कोणी सुरई उचलली की थांबे, जागेवर ठेवली की पुन्हा चालू लागे.

याच हौसेने संस्थानालाही रूळ दिले. दोन फुटी रुळांची ग्वाल्हेर लाइट रेल्वे भिंड, शिवपुरी आणि श्योपूरपर्यंत पोहोचली. मेजावरची गाडी मोजक्या मानकऱ्यांची होती; ही गाडी खेडोपाडीच्या रयतेची झाली.

१९२५ मध्ये पॅरिस येथे माधवरावांचे देहावसान झाले. शिवपुरीत मातोश्री सख्याराजे यांच्या छत्रीसमोर त्यांची छत्री उभी आहे. रुप्याची गाडी जयविलासच्या संग्रहालयात आजही पाहावयास मिळते. श्योपूरची अरुंद रुळांवरची गाडी मात्र इतिहासजमा झाली आहे.