विश्लेषण : हिवतापावरचा निळा रंग ‘पूरक’ म्हणून पिणे कितपत सुरक्षित? पॉल एर्लिख यांचे संशोधन काय सांगते?

मेंदू तल्लख करणारे, थकवा घालवणारे, वार्धक्य लांबवणारे थेंब म्हणून मिथिलीन ब्लूची सध्या समाजमाध्यमांवर जोरात जाहिरात सुरू आहे. ग्लासभर पाण्यात थेंब टाकायचे, प्यायचे आणि निळी झालेली जीभ कॅमेऱ्याला दाखवायची. दीडशे वर्षांचे जुने, म्हणून सुरक्षित औषध, असा दावा त्यासोबत असतो. हिवतापाच्या रुग्णांना हा रंग पहिल्यांदा देणारे जर्मन संशोधक पॉल एर्लिख यांचे आयुष्य पाहिले, तर या दाव्यातले अर्धेच खरे असल्याचे दिसते.

खर्ड्याशी काय संबंध?

जामखेड तालुक्यातील खर्डा इतिहासात ओळखले जाते ते १७९५ च्या मराठे-निजाम लढाईमुळे. मिथिलीन ब्लू मात्र अशा गावांत दोन साध्या वाटांनी येते. थंडी वाजून ताप आला की बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्त घेतात. देशाच्या हिवताप कार्यक्रमात ही काचपट्टी ज्या जेएसबी रंगाने रंगवतात, त्यात मिथिलीन ब्लू असते. सूक्ष्मदर्शकाखाली जंतूचा पेशीद्रव निळा दिसतो आणि त्यातला लाल ठिपका उठून येतो.

दुसरी वाट शेतातून येते. फुलोरा वाढवण्यासाठी फवारली जाणारी काही टॉनिके नायट्रोबेंझिनयुक्त असतात. ती पोटात गेली की रक्तातील हिमोग्लोबिनचे रूप बदलते, रक्त चॉकलेटी होते, ओठ-नखे निळी पडतात आणि नळीतून ऑक्सिजन देऊनही रुग्ण सुधारत नाही. अशा वेळी डॉक्टर शिरेतून मिथिलीन ब्लू देतात आणि पुष्कळदा तासाभरात रंग पालटतो. या कामात ते खरोखरच प्राणरक्षक आहे.

हात रंगलेला विद्यार्थी

एर्लिख यांचा जन्म १४ मार्च १८५४ रोजी सायलेशियातील स्ट्रेलेन या गावी, एका ज्यू कुटुंबात झाला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. नात्याने भाऊ लागणारे कार्ल वायगर्ट विकृतिशास्त्रज्ञ होते. कोळशाच्या डांबरापासून तयार होणारे नवे रंग वापरून ऊती रंगवण्याचा नाद एर्लिख यांना त्यांच्याकडूनच लागला. १८७६ मध्ये बीएएसएफ या कंपनीत हाइनरिश कारो यांनी मिथिलीन ब्लू तयार केले होते, तेही कापड रंगवण्यासाठी. एर्लिख यांची १८७८ ची डॉक्टरकीची पदवी प्राणिज ऊतींच्या रंगकामावरच होती.

त्यांना पडलेला प्रश्न साधा होता. एकच रंग एका पेशीला धरतो आणि शेजारच्या पेशीला सोडून देतो, असे का? १८८० च्या दशकात त्यांनी जिवंत प्राण्यांना मिथिलीन ब्लू टोचून पाहिले, तेव्हा मज्जातंतू निळे झाले. रंग मज्जातंतूंना चिकटतो, तर त्याचा त्यांच्यावर परिणामही होईल, या तर्काने त्यांनी ते वेदनांवर वापरून पाहिले. त्याच सुमारास त्यांना क्षय झाला. कॉख यांच्या क्षयजंतूसाठी रंगवण्याची सुधारित पद्धत त्यांनीच काही वर्षांपूर्वी बसवली होती. हवापालटासाठी ते इजिप्तला जाऊन आले आणि परतल्यावर कॉख यांच्या संस्थेत काम करू लागले.

बर्लिनचे दोन रुग्ण

हिवतापाचा जंतूही मिथिलीन ब्लू शोषून घेतो, हे तोवर माहीत झाले होते. १८९१ मध्ये एर्लिख आणि बर्लिनच्या मोआबिट रुग्णालयातील पॉल गुटमान यांनी हिवतापाच्या दोन रुग्णांना ते दिले आणि दोघेही बरे झाले. प्रयोगशाळेत बनलेला, निसर्गात कुठेही न सापडणारा पदार्थ रोगजंतूवर चालतो, हे त्यामुळे दिसले. तरीही क्विनाइन मागे पडले नाही. शिवाय रुग्णाची लघवी निळी-हिरवी होई. बर्लिनमध्ये हिवतापाचे रुग्ण कमी होते आणि माणसाचा हिवताप ज्याला देऊन पाहता येईल असा प्राणीही हाताशी नव्हता. एर्लिख यांनी हा रंग बाजूला ठेवला आणि इतर जंतूंकडे, इतर संयुगांकडे वळले. आजच्या जाहिरातींत हा भाग येत नाही.

निळा रंग शरीरात काय करतो?

मिथिलीन ब्लू इलेक्ट्रॉन घेते आणि देते. इलेक्ट्रॉन घेतले की रंगहीन होते, ऑक्सिजनशी गाठ पडली की पुन्हा निळे. बिघडलेले हिमोग्लोबिन ते याच देवघेवीने दुरुस्त करते. पेशीतील ऊर्जानिर्मितीला ते हातभार लावेल, ही ‘पूरक’वाल्यांची मांडणीही याच गुणावर उभी आहे. मांडणी अगदीच निराधार नाही. २०१६ मध्ये २६ निरोगी व्यक्तींवरील एका प्रयोगात एका मात्रेनंतर स्मरणचाचणीत थोडी सुधारणा दिसली. पण त्याच वर्षी याच कुळातील औषधाची चाचणी ८९१ अल्झायमर रुग्णांवर पूर्ण झाली आणि ठरवलेल्या मुख्य निकषांवर फायदा दिसला नाही. निरोगी माणसाने ते रोज, वर्षानुवर्षे घ्यावे, असे सांगण्याजोगा पुरावा आज नाही.

धोके मात्र ठोस आहेत. रंगहीन होण्यासाठी लागणारा कच्चा माल लाल पेशींना जी-६-पीडी या विकराच्या मदतीने मिळतो. ज्यांच्यात हे विकर जन्मतः कमी, त्यांच्यात मिथिलीन ब्लू उपयोगी पडत नाहीच, उलट लाल पेशी फुटतात. मुंबईतील पारशी समाजात ही कमतरता १९६३ मध्येच नोंदली गेली, काही आदिवासी समाजांतही ती आढळते. अनेकांना ती आपल्यात आहे हे ठाऊकच नसते.

दुसरा धोका मेंदूतला. सेरोटोनिनचे विघटन करणारे विकर मिथिलीन ब्लू अडवते. नैराश्यासाठी फ्लुओक्सेटीन, सर्ट्रालीन, एस्सिटॅलोप्रॅम घेणारे किंवा दुखण्यावर ट्रॅमाडॉल घेणारे यांच्यात सेरोटोनिन प्रमाणाबाहेर साठते. घाम, थरथर, गोंधळ, ताप, प्रसंगी मृत्यू. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने याबाबत २०११ मध्ये इशारा दिला होता. गर्भवतींसाठीही ते धोक्याचे आहे. आणि मात्रा फार वाढली, तर हिमोग्लोबिनचा जो बिघाड ते दुरुस्त करते, तोच घडवते. रुग्णालयात किलोमागे एक ते दोन मिलिग्रॅम मोजून हळूहळू देतात ते यामुळेच.

मत्स्यालयासाठी किंवा काचपट्टीसाठी विकली जाणारी बाटली तर पिण्याच्या शुद्धतेची नसतेच. तिच्यात जड धातूंचे अंश असू शकतात. (जखमेवर लावायचे जांभळे जेन्शन व्हायलेट आणि कपड्यांची नीळ हे पदार्थ आणखी वेगळे, त्यांची गल्लत नको.)

‘६०६’ आणि कोर्टकचेरी

एर्लिख यांचे पुढचे आयुष्य फ्रँकफर्टमध्ये गेले. १९०८ मध्ये रोगप्रतिकारशास्त्रासाठी त्यांना मेचनिकॉफ यांच्यासह नोबेल मिळाले. जंतूला धरणारे आणि रुग्णाला सोडणारे औषध शोधायचे, हा त्यांचा ध्यास होता. रसायनशास्त्रज्ञ एकामागून एक आर्सेनिक संयुगे बनवत, प्राण्यांवर त्यांची परिणामकारक मात्रा आणि घातक मात्रा यांतले अंतर मोजले जाई. आधी निकामी ठरलेले ६०६ क्रमांकाचे संयुग १९०९ मध्ये जपानी सहकारी साहाचिरो हाता यांनी पुन्हा तपासले आणि ते उपदंशावर चालले. १९१० मध्ये ते साल्वर्सन नावाने बाजारात आले. त्याआधी डॉक्टरांना हजारो मात्रा मोफत देऊन अनुभव मागवले होते.

तरीही त्रास झालाच. औषध हवेच्या संपर्कात बिघडे, टोचणे अवघड होते, काही रुग्ण दगावले. एर्लिख तक्रारींची पत्रे वाचत, डॉक्टरांना सूचना पाठवत राहिले. १९१२ मध्ये विरघळायला सोपे असे निओसाल्वर्सन आणले. वृत्तपत्रांतून त्यांच्यावर रुग्णांच्या जिवाशी खेळल्याचे आरोप झाले. १९१४ मध्ये प्रकरण फ्रँकफर्टच्या न्यायालयात गेले, तिथे त्यांना साक्ष द्यावी लागली आणि आरोप करणाऱ्याला शिक्षा झाली. तोवर त्यांची प्रकृती खालावली होती. दिवसाला पंचवीसेक सिगार ओढण्याची सवयही होतीच. २० ऑगस्ट १९१५ रोजी बाड होम्बुर्ग येथे त्यांचे निधन झाले.

नाझी राजवटीत फ्रँकफर्टमधील त्यांच्या नावाच्या रस्त्याचे नाव काढून टाकण्यात आले आणि पत्नी हेडविग यांना देश सोडावा लागला. युद्धानंतर नाव पुन्हा लागले. लशी आणि जैविक औषधे बाजारात येण्याआधी तपासणारी जर्मनीची सरकारी संस्था आज पॉल एर्लिख यांच्याच नावाने चालते.