लिंबरलॉस्टची पक्षीवेडी बाई

आपल्या पाठ्यपुस्तकात जिचे नाव नाही, पण एके काळी अमेरिकेत जिच्या कादंबऱ्या घरोघरी वाचल्या जात, अशा एका लेखिकेची ओळख मी येथे करून देणार आहे. जीन स्ट्रॅटन-पोर्टर हे त्यांचे नाव. कादंबरीकार म्हणून त्या गाजल्या, पण मला त्यांचे खरे मोठेपण दुसऱ्या कामात दिसते. पक्षी, रात्री उडणारे पतंग आणि रानफुले जिथे असतील तिथे, जिवंत असतील तशी पाहायची आणि त्यांची छायाचित्रे घ्यायची, हे काम त्यांनी वर्षानुवर्षे केले. ज्या दलदलीत केले, ती दलदल मात्र त्यांच्या डोळ्यांदेखत आटली.

१७ ऑगस्ट १८६३ रोजी इंडियाना राज्यातील वाबॅश परगण्यात एका शेतकऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. बारा भावंडांत त्या सर्वांत धाकट्या. वडील शेती करीत आणि धर्मोपदेशही करीत. आई आजारी असल्यामुळे या शेंडेफळाकडे लक्ष द्यायला कोणाला सवड नव्हती. मुलगी दिवसभर रानात भटके, घरटी शोधे. तिचा हा नाद पाहून वडिलांनी शेतावरचे सगळे पक्षी तिला जणू आंदण देऊन टाकले, असे सांगतात. सुखाचे दिवस फार टिकले नाहीत. १८७२ मध्ये लाडका भाऊ नदीत बुडाला, १८७५ मध्ये आई गेली. पुढे शहरातल्या शाळेत त्यांचे मन रमले नाही. १८८३ मध्ये आजारी बहिणीच्या शुश्रूषेसाठी शाळा सुटली ती सुटलीच. एवढी पुस्तके लिहिणाऱ्या या बाईंपाशी शाळा पूर्ण केल्याचा दाखलाही नव्हता!

१८८६ मध्ये चार्ल्स पोर्टर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. चार्ल्स औषधांचे दुकान चालवीत. १८८८ मध्ये हे कुटुंब जिनीव्हा नावाच्या लहानशा गावी राहायला आले. गावाजवळच लिंबरलॉस्ट ही सुमारे तेरा हजार एकरांची दलदल पसरली होती. दाट झाडी, गुडघाभर चिखल, डासांचे थवे आणि विषारी साप. लोक तिथे जायला भीत. पोर्टरबाईंना मात्र बालपणीचे रान पुन्हा सापडले.

त्यांनी पक्ष्यांवर लेख लिहायला सुरुवात केली, तेव्हा एक अडचण उभी राहिली. त्या काळी पक्ष्यांची चित्रे बहुधा मारून पेंढा भरलेल्या पक्ष्यांवरून काढीत. असली चित्रे आपल्या लेखाबरोबर छापलेली त्यांना खपेनात. तोवर घरच्यांनी त्यांना एक कॅमेरा भेट दिला होता. त्यांनी ठरवले की आपली चित्रे आपणच घ्यायची.

आज हे सोपे वाटेल. तेव्हा प्रत्येक चित्रासाठी काचेची एक पट्टी लागे आणि कॅमेऱ्याचे जड ओझे तिकाटण्यासह दलदलीत वाहून न्यावे लागे. घरी अंधारी खोली नव्हती. न्हाणीघराच्या फटी बुजवून तिथेच त्या काचा धुण्याचे काम करीत, आणि त्यासाठी स्वयंपाकघरातली मोठी ताटे वापरीत. पक्ष्याला घाबरवायचे नाही, हा त्यांचा पहिला नियम. घरटे सापडले की कॅमेरा दूर ठेवायचा. पक्ष्याला त्याची सवय झाली की दुसऱ्या दिवशी थोडा जवळ आणायचा. असे करीत करीत पिलांना चारा भरवणारी आई अगदी हाताच्या अंतरावर येई. एकदा एका पोकळ ओंडक्यात काळ्या गिधाडाचे पिलू सापडले. दुर्गंधी, उकाडा आणि साप यांची पर्वा न करता, पतीला सोबत घेऊन, त्या पुन्हा पुन्हा तिथे जात राहिल्या. अंड्यातून निघालेल्या गोळ्याचा पूर्ण वाढलेला पक्षी होईपर्यंतची चित्रे त्यांनी मिळवली. १९०४ मधील त्यांच्या ‘फ्रेकल्स’ या कादंबरीचे बीज या खटाटोपातच आहे.

तिकडचा वसंत बर्फ वितळल्यावर येतो. झाडांना पालवी फुटून सावली पडण्याआधी जमिनीवरची ट्रिलियमसारखी रानफुले घाईने उमलून घेतात. दक्षिणेकडे गेलेले पक्षी परततात, घरटी बांधतात. वसंत सरता सरता कोशांतून पतंग बाहेर पडू लागतात. त्यांतला सेक्रोपिया हा उत्तर अमेरिकेतला सर्वांत मोठा पतंग, पंख पसरले की सुमारे वीतभर भरतो. आपल्याकडे भंडारा-गडचिरोलीच्या बाजूला ज्याच्या कोशापासून टसर रेशीम काढतात, तो पतंगही याच कुळातला. या पतंगांना खाता येत नाही. सुरवंट असताना जे पोटात साठवले त्यावरच आठवडा-दोन आठवडे जगायचे, जोडीदार शोधायचा, अंडी घालायची आणि संपायचे. एवढ्या अल्प आयुष्यात त्यांना गाठायचे, म्हणून बाई कोश घरी आणून वाट पाहत. पतंग बाहेर येताच त्याचे चित्र घेत आणि मूळ रंग समोर जिवंत असतानाच जलरंगांनी ते रंगवीत. १९१२ मधील ‘मॉथ्स ऑफ द लिंबरलॉस्ट’ हा ग्रंथ या श्रमांचे फळ आहे.

अशी पुस्तके फारशी खपत नसत, कादंबऱ्या मात्र धडाधड खपत. म्हणून बाईंनी प्रकाशकाशी करार केला की एक कादंबरी दिली की एक निसर्गाचे पुस्तक छापायचे. समीक्षकांनी त्यांच्या कादंबऱ्यांना भाबड्या म्हटले, आणि ते सर्वस्वी खोटेही नाही. पण ‘अ गर्ल ऑफ द लिंबरलॉस्ट’ (१९०९) वाचताना मला समीक्षक आठवले नाहीत. त्यातली एल्नोरा गावाबाहेरून शहरातल्या शाळेत जाते. पहिल्याच दिवशी तिला कळते की पुस्तकांना आणि फीला पैसे लागतात. मग दलदलीतले पतंग गोळा करून, ते विकून ती शिकते. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. फी भरण्याच्या खिडकीपाशी उभे राहणे म्हणजे काय, हे मला त्या पानांवर कोणी समजावून सांगावे लागले नाही. स्वतःची शाळा अर्धवट सुटलेल्या लेखिकेने आपल्या नायिकेला मात्र शिकवून पार केले, हे मला फार मोलाचे वाटते.

येथे एक अप्रिय सत्यही सांगितले पाहिजे. त्या भागात जमिनीखाली खनिज तेल सापडले आणि पोर्टरांच्या स्वतःच्या शेतावरही तेलाच्या विहिरी खोदल्या गेल्या. घरची सुबत्ता त्याने वाढली. लाकूड, तेल आणि शेतजमीन यांच्याच लोभाने लिंबरलॉस्टची झाडे पडली आणि चर खणून पाणी काढून दिले गेले. १९१३ च्या सुमारास दलदल संपली. ज्या भरभराटीने बाईंना सवड दिली, तिनेच त्यांचे रान खाल्ले. मला वाटते, यात त्यांच्या एकटीचा दोष नाही. पण गोष्ट दडवून चरित्र लिहिणेही बरे नव्हे.

पुढे बाईंनी उत्तरेकडे सिल्व्हन सरोवराच्या काठी जमीन घेतली आणि नांगराखाली जाऊ घातलेली हजारो रानझाडे व फुलझाडे तिथे आणून लावली. सरकारी पाणथळ जमिनी आटवण्यास परवानगी देणाऱ्या कायद्याविरुद्ध त्या उभ्या राहिल्या. नंतर त्या कॅलिफोर्नियात गेल्या. ६ डिसेंबर १९२४ रोजी लॉस एंजेलिसमध्ये मोटार व ट्राम यांच्या टकरीत त्यांचा अंत झाला. त्यांची इंडियानातली दोन्ही घरे आज राज्याने जतन केली आहेत. १९९० नंतरच्या दशकात लिंबरलॉस्टच्या काही भागात पुन्हा पाणी भरू देण्याचे काम सुरू झाले आणि तिथे पाणपक्षी परतले.

मित्रमैत्रिणींनो, बाईंपाशी पदवी नव्हती. एकाच घरट्याकडे रोज जायचे, धीर धरायचा आणि जे दिसले ते जपून ठेवायचे, हाच त्यांचा अभ्यास. दलदल गेली तरी तिथे काय होते हे आज सांगता येते, ते या अभ्यासामुळे. आपल्या गावच्या तळ्यावर कोणते पक्षी येतात, माळावर कोणते फूल कधी फुलते, हे कोणी लिहून ठेवले आहे काय? नसेल, तर ते काम आपल्यातल्या कोणाची तरी वाट पाहत आहे.