हास्योपचारापलीकडचे नॉर्मन कझिन्स

सकाळी बागेत हात उंचावून खळखळून हसणारी मंडळी आता आपल्या ओळखीची आहेत. मुंबईत १९९५ साली पहिला हास्यक्लब सुरू झाला. त्यामागच्या प्रेरणांपैकी एक होते अमेरिकी संपादक नॉर्मन कझिन्स. मणक्याच्या दुखण्यात विनोदी चित्रपट पाहून त्यांनी वेदना सुसह्य केल्या, एवढंच बहुतेकांना ठाऊक असतं. त्यांचं त्याआधीचं काम मात्र फारसं कुणाला माहीत नाही.

कझिन्स यांचा जन्म १९१५ साली न्यू जर्सीत झाला. अकराव्या वर्षी क्षयाचं चुकीचं निदान झालं आणि हा मुलगा आरोग्यधामात दाखल झाला. आजारी मुलाला काय वाटतं, हे त्यांना तिथेच उमगलं. पुढे ते 'सॅटरडे रिव्ह्यू' या साप्ताहिकाचे संपादक झाले.

६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला. त्या सकाळी आगप्रतिबंधक मोकळ्या जागा करण्यासाठी घरं पाडण्याच्या कामावर शाळकरी मुलं मोठ्या संख्येने जुंपलेली होती. जी वाचली, त्यांतल्या अनेकांचे चेहरे, मान, हात भाजले होते. भाजल्याची जखम भरताना कातडी आखडते. हनुवटी छातीकडे ओढली जाते, बोटं वाकडीच राहतात, पापण्या मिटत नाहीत. वरून जाड, खाजणारे व्रण वाढतात.

कझिन्स १९४९ मध्ये हिरोशिमाला गेले. तिथल्या अनाथ मुलांना अमेरिकेत दत्तक नेणं कायद्यामुळे शक्य नव्हतं. म्हणून त्यांनी वाचकांना प्रत्येकी एका मुलाचा खर्च उचलायला सांगितलं. शेकडो मुलांना असे दूरदेशीचे पालक मिळाले.

शहरात अणुबॉम्बच्या परिणामांचा अभ्यास करणारा अमेरिकी आयोग होता. तो तपासण्या करी, नोंदी ठेवी. उपचार हे त्याचं काम नव्हतं. कझिन्स यांना हे पटेना. १९५३ मध्ये धर्मगुरू कियोशी तानिमोतो यांनी त्यांची गाठ काही तरुणींशी घालून दिली. स्फोटाच्या वेळी त्यांतल्या बहुतेक शाळकरी वयाच्या होत्या. आता लोकांच्या नजरा चुकवत जगत होत्या.

मे १९५५ मध्ये त्यांतल्या २५ जणी न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयात आल्या. रुग्णालयाने खाटा मोफत दिल्या, डॉ. आर्थर बार्स्की आणि सहकाऱ्यांनी मानधन घेतलं नाही. वर्ष-दीड वर्षात १२५ हून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. आखडलेली कातडी सोडवायची, शरीराच्या दुसऱ्या भागाची त्वचा तिथे लावायची, ती जगते का हे पाहायचं, मग पुढची पायरी. दोन शस्त्रक्रियांच्या मधल्या काळात मुली अमेरिकी कुटुंबांत राहत. हिरोशिमाचे शल्यचिकित्सक डॉ. तोमिन हाराडाही सोबत आले होते. त्यामुळे तंत्र मुलींबरोबर जपानला परत जाणार होतं.

मे १९५६ मध्ये एका मुलीचं हृदय भुलेखाली असतानाच बंद पडलं. ती परत आलीच नाही. शस्त्रक्रिया लहान असली तरी भूल कधीच लहान नसते, हे आम्ही डॉक्टर जाणतो. त्या मृत्यूने साऱ्या प्रकल्पावर प्रश्नचिन्ह उभं राहू शकत होतं. पण उरलेल्या मुलींचे उपचार पूर्ण झाले आणि त्या वर्षाअखेरपर्यंत त्या मायदेशी परतल्या. पूर्वीचे चेहरे कुणालाच मिळाले नाहीत. काहींना मिटणाऱ्या पापण्या आणि वस्तू धरणारी बोटं मात्र मिळाली.

हजारो पीडितांत २५ जणी म्हणजे समुद्रातला थेंबच. पण जपानमध्येही पीडितांच्या उपचारांचा आग्रह वाढत होता आणि १९५७ मध्ये तिथे त्यांच्या वैद्यकीय मदतीचा कायदा झाला.

कझिन्स १९९० मध्ये गेले. त्यांच्या हास्योपचाराबद्दल आम्हा डॉक्टरांत मतभेद आहेत. त्यांच्या दुसऱ्या शिकवणीबद्दल नसावेत. आपत्तीनंतर मुलांची तपासणी करून नोंद घेणं आवश्यकच आहे, पण नोंद घेतली म्हणजे जबाबदारी संपत नाही. भाजलेल्या मुलाच्या बाबतीत ती पुढे कित्येक वर्षं चालते.