बर्फातली द्राक्षं

पीएच.डी. झालेला माणूस हॉटेलात भांडी घासतोय असं सिनेमात दाखवलं, तर आपण म्हणू, काहीही दाखवतात! पण डॉ. कॉन्स्टंटिन फ्रँक यांनी हे खरंच केलं. (लेख वाईनच्या द्राक्षांवर आहे, पण रेक्टर सरांनी काळजी करू नये. यात फक्त शेती आहे!)

फ्रँक यांचा जन्म १८९९ सालचा, युक्रेनमधला. ओडेसाच्या पॉलिटेक्निकमधून त्यांनी डॉक्टरेट केली. विषय होता, कडाक्याच्या थंडीत युरोपियन द्राक्षवेल कशी जगवायची. मग दुसरं महायुद्ध आलं, देश सुटला आणि १९५१ मध्ये बायकामुलांसह ते न्यूयॉर्कला उतरले. वय पन्नाशीच्या पुढे, बऱ्याच भाषा येत होत्या, फक्त इंग्लिश येत नव्हतं. म्हणून भांडी घासायची नोकरी! पैसे साठवून त्यांनी जिनिव्हा गावाचं तिकीट काढलं. हे जिनिव्हा स्वित्झर्लंडमधलं नाही, न्यूयॉर्क राज्यातलं. तिथे सरकारी कृषी संशोधन केंद्र होतं. केंद्राने त्यांना काम दिलं, पण कसलं? ब्लूबेरीच्या रोपांची खुरपणी! आपल्याला प्लेसमेंटमध्ये मनासारखी ब्रँच मिळाली नाही तर आपण चार दिवस जेवत नाही.

तिथली अडचण जुनी होती. युरोपियन वेल पूर्व अमेरिकेत टिकतच नसे. थॉमस जेफरसननेसुद्धा व्हर्जिनियात प्रयत्न केले आणि ते फसले. मुळं खाणारी फायलोक्सेरा नावाची बारीक कीड, बुरशीचे रोग आणि हिवाळा, असे तीन शत्रू. किडीवर उपाय १९व्या शतकातच सापडला होता : मुळं अमेरिकन वेलीची, वर कलम युरोपियन वेलीचं. (नाशिकचे मित्र ओळखतील, आपल्याकडचा डॉगरिज खुंटही मूळचा अमेरिकनच.) राहिली थंडी. तिच्यापुढे इलाज नाही असं तिथले तज्ज्ञ धरून चालले होते, आणि खुरपणी करणारा हा म्हातारा सांगत होता की युक्रेनमध्ये याहून जास्त थंडी असते!

ऐकलं एकानेच. शार्ल फुर्निए हे शॅम्पेन बनवणारे फ्रेंच गृहस्थ तिथल्या गोल्ड सील कंपनीचे प्रमुख होते. दोघांचं फ्रेंचमध्ये जमलं, आणि त्यांनी फ्रँकना कामावर घेतलं. मग शोध सुरू झाला तो योग्य खुंटाचा. फ्रँक यांचं लॉजिक साधं होतं. काडी हिवाळ्याआधी पिकून टणक झाली तर ती गोठत नाही, म्हणून लवकर पक्व होणारा खुंट हवा. असे खुंट त्यांना कॅनडात क्यूबेकमधल्या एका कॉन्व्हेंटच्या बागेत मिळाले. (मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलो, पण आमच्याकडे फक्त गुलमोहर होता.) पुढे हजारो कलमं झाली. कुठल्या खुंटावर कुठली जात चालते हे लावून बघण्याशिवाय कळत नाही, आणि उत्तर यायला वर्षं जातात.

फेब्रुवारी १९५७ मध्ये पारा उणे ३२ अंश सेल्सियसच्या आसपास उतरला. त्या वर्षी काही अमेरिकन जातींनाही फळ धरलं नाही. पण चिवट खुंटावरच्या रीसलिंग आणि शार्डोनेचे बहुतेक डोळे शाबूत राहिले! फिंगर लेक्स नावाच्या त्या तळ्यांच्या भागात वाईनचा इतिहास तिथून बदलला.

१९६२ मध्ये फ्रँकनी क्यूका तळ्याकाठी स्वतःची वायनरी काढली. वय ६३! स्वभाव मात्र फार हट्टी. थंडीला टिकणाऱ्या संकरित द्राक्षांवर ते उघड तुटून पडत. शेजारचे शेतकरी त्याच द्राक्षांवर जगत होते, तेव्हा हे मला तरी पटत नाही. पण दुसऱ्या राज्यांतून शिकायला येणाऱ्यांना त्यांनी मोकळ्या हाताने शिकवलं.

१९८५ साली ते गेले. वायनरी पुढे मुलाने आणि मग नातवाने चालवली. फिंगर लेक्सचं नाव आज रीसलिंगसाठी घेतलं जातं, आणि तिथल्या मळ्यांत संकरित द्राक्षंही अजून आहेतच.